मुहूर्ताचा उजेड

तेजस्विनी पुराणिकला भय्यासाहेबांचा फोन आला तेव्हा ती एका टेबलफॅनचं पोट फाडून बसली होती. विजेशिवाय अखंड फिरणारा पंखा म्हणून नागद्याहून कुणीतरी तो तिच्याकडे धाडला होता. तिने स्क्रू काढले, चुंबकांची फिरकी बाजूला केली, तर खाली गोंदाने चिकटवलेले दोन चपटे सेल निघाले. तिला नवल वाटलं नाही. नवल वाटणं तिने केव्हाच सोडून दिलं होतं.

ती उज्जैनच्या एका पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. वर्गातली मुलं मोबाईलवर फुकट विजेचे व्हिडिओ बघून रोज तेच तेच विचारायची. शेवटी वैतागून तिने स्वतःच असली यंत्रं मागवून, उघडून, मोजून दाखवायला सुरुवात केली. तिचा चॅनल हिंदीत होता आणि बऱ्यापैकी चालायचा. कुणाच्या यंत्रात लपवलेला सेल निघायचा, कुणाच्या टेबलाच्या पायातून बारीक वायर गेलेली असायची. देवास गेटचा एक दुकानदार तर ती समोरून गेली की शटर अर्धं खाली ओढायचा.

"तेजू बेटा, वसंत पंचमीला ये," भय्यासाहेब फोनवर म्हणाले. आवाजात लहान मुलासारखा हुरूप होता. "आमच्या मागच्या अंगणात जमिनीतून लाईट निघते आहे. व्हिडिओ टाकला मी, लोक वेडे झालेत. आता तू येऊन तपास, आणि तुझ्या चॅनलवर सांग की यात कुठे बेइमानी नाही."

परक्याचं यंत्र उघडणं सोपं होतं. भय्यासाहेब पोतनीस तिच्या वडिलांचे मित्र होते. घराणं शिंद्यांच्या दरबारातलं, पण त्याचा तोरा त्यांना कधीच नव्हता. आयुष्यभर विमा कार्यालयात नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर सोल्डरिंगचा नाद लावून घेतला. वडील गेले तेव्हा रोज संध्याकाळी घरी येऊन, काही न बोलता, आईसमोर बसून राहणारा हा माणूस. त्यांच्या यंत्रातून सेल काढून जगाला दाखवायचा?

"नाही म्हणू नकोस," ते म्हणाले. "मला मालूम आहे तू कशी तपासतेस. तशीच तपास."

माधव नगरातलं घर मुलाच्या शिक्षणापायी विकून भय्यासाहेब आणि उषाकाकू शहराबाहेरच्या नव्या कॉलनीत राहायला गेले होते. तेजस्विनी पोचली तेव्हा दुपार कलली होती. काकूंनी पिवळी साडी नेसली होती, घरात केशरी भाताचा वास दरवळत होता. भय्यासाहेब तिला थेट मागे घेऊन गेले.

अंगण साधंच होतं. कोपऱ्यात धुण्याचा दगड, कडेला तुळस, आणि मागे पुरुषभर उंचीची कंपाउंडची भिंत. भिंतीच्या बुडाशी एक लोखंडी गज ठोकला होता, दुसरा पार इकडे स्वयंपाकघराच्या पायरीजवळ. दोन्हींपासून निघालेल्या तारा एका फळीवरच्या होल्डरला जोडल्या होत्या. आणि होल्डरमध्ये एक साधा एलईडी बल्ब, भर दिवसा, मंदसा पेटलेला होता.

"बघ," भय्यासाहेब म्हणाले.

तेजस्विनीने पायांतले कॅनव्हासचे बूट काढले नाहीत. तिने आधी बल्ब बदलला आणि पिशवीतून आणलेला आपला लावला. तोही पेटला. तारा काढून स्वतःच्या जोडल्या, फळी उलटून पाहिली, होल्डर उघडला. कुठेच काही नव्हतं. मग तिने घराचा मेन स्विच बंद करायला लावला. स्वयंपाकघरातला फ्रिज गप्प झाला, पंखे थांबले. बल्ब मात्र होता तसाच जळत राहिला.

भय्यासाहेबांनी हात जोडून आकाशाकडे पाहिलं. तिला मात्र धास्ती वाटू लागली. फसवणूक सापडली असती तर बरं झालं असतं, असं तिला पहिल्यांदाच वाटलं. इथे फसवणूक नव्हती, म्हणजे वीज खरोखर जमिनीतून येत होती.

तिने मीटरच्या सुया दोन गजांना लावल्या. आकडा नव्वद व्होल्टच्या आसपास हलत होता. मग तिने मीटरची कळ फिरवून वारंवारता पाहिली. आकडा जरा थरथरला आणि पन्नासवर येऊन बसला.

"काका," ती हळूच म्हणाली, "चपला घाला आधी."

"का?"

"घाला तर खरं." त्यांनी पायरीवरच्या चपला पायांत सरकवल्यावरच ती पुढे बोलली. "जमिनीची स्वतःची वीज असती ना, तर ती सेलसारखी एकाच दिशेने वाहिली असती. ही सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होते आहे. आपल्या घरातल्या प्लगमध्ये येते तीच ही, खांबावरची. कुठूनतरी जमिनीत गळते आहे, आणि तुमचे गज ती पितात."

"गळायला काय नळ आहे?" ते हसले. "मी महिनोन् महिने बघून राहिलोय, तेजू. गळती असती तर रोज असती. ही रोज नसते. तुळशीच्या लग्नानंतर पहिल्यांदा दिवा लागला, मग मधूनमधून. मी पंचांग काढून बसलो तेव्हा उलगडा झाला. ज्या दिवशी मुहूर्त असेल, त्याच दिवशी दिवा लागतो! खरमास सुरू झाला, सूर्य धनूत गेला, मुहूर्त संपले, आणि महिनाभर काळोख. मला वाटलं गज गंजले. संक्रांत झाली आणि परत सुरू. आज वसंत पंचमी, आज बघ कसा झगमगतो ते." त्यांचे डोळे चमकत होते. "आपल्या गावावरून कर्करेषा जाते. जुने ज्योतिषी आपलं गणित इथून मोजायचे. उज्जैन पृथ्वीची नाभी आहे म्हणतात ते काय उगीच?"

तेवढ्यात उषाकाकू पायरीवर चहा घेऊन आल्या. पदराने हात पुसत म्हणाल्या, "महिनाभर मीही बरी होते हं. पायातल्या मुंग्या अगदी गेल्या होत्या."

तेजस्विनीने वळून पाहिलं. "कसल्या मुंग्या, काकू?"

"अगं, शुगरच्या. धुणं धुवायला दगडापाशी उभी राहिले की तळव्यातून गुडघ्यापर्यंत झिणझिण्या येतात. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. कधी येतात, कधी नाही. संक्रांतीनंतर परत सुरू झालंय."

चहाचा कप तेजस्विनीच्या हातात तसाच राहिला. भिंतीपलीकडून कुणीतरी घोगऱ्या आवाजात माइक तपासत होतं. हॅलो, हॅलो, वन, टू. मग सनईची एक ओळ वाजली आणि मध्येच तुटली.

"मागे काय आहे काका?"

"मॅरेज गार्डन. दिवाळीत नवी कमान बांधली त्यांनी फाटकावर, लोखंडाची. फार शोर करतात लेकाचे."

"आणि तिथे लग्नं कधी होतात?"

भय्यासाहेब बोटांवर तिथी मोजू लागले. कपाळावर एक आठी आली, गेली, परत आली. उषाकाकूंनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या पायांकडे, आणि त्या पायरीच्या वरच्या टप्प्यावर चढून उभ्या राहिल्या.

"काहीतरीच," भय्यासाहेब शेवटी म्हणाले. "लग्नं मुहूर्तावर होतात, दिवाही मुहूर्तावर लागतो. दोन्हींचं कारण एकच, मुहूर्त. तू उगाच एकाला दुसऱ्याच्या गळ्यात बांधते आहेस."

"तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे, काका. एक दिवसही चुकलेला नाही. पण फाटकाची केबल जमिनीतून गेली असणार, आणि ती कुठेतरी सोललेली आहे. लग्न असलं की कमान पेटते, कमान पेटली की ही जमीन पेटते. दिव्याचा उजेड दिसतो, बाकीचं दिसत नाही एवढंच."

"संध्याकाळी सगळी कॉलनी येणार आहे बघायला," ते म्हणाले. आवाज चढला होता. "त्यांना काय सांगू? माझ्या अंगणात शेजाऱ्याची गळणारी वीज येते म्हणून?"

तुळशीपाशी एक बादली झाकून ठेवलेली तिला दिसली. तिने झाकण उचललं.

"मिठाचं पाणी," भय्यासाहेब जरा ओशाळून म्हणाले. "गजांच्या बुडाशी घातलं की उजेड वाढतो."

तिने ती बादली उचलली आणि घरात नेऊन मोरीत उपडी केली. भय्यासाहेब बघत राहिले. त्यांच्या घरात येऊन असं कुणी कधी वागलं नव्हतं.

"काकू, संध्याकाळी कुणालाही अंगणात उतरू देऊ नका. सगळ्यांना आतूनच खिडकीतून बघू दे. मी मागे जाऊन येते."

"जा," उषाकाकू म्हणाल्या. "मी दारातच बसते."

मॅरेज गार्डनच्या फाटकावर माणसं शिड्या लावून झेंडूच्या माळा चढवत होती. लोखंडी कमान रंगीत दिव्यांनी लखलखत होती, आणि तिचा डावा पाय भय्यासाहेबांच्या भिंतीपासून चार पावलांवर जमिनीत गाडलेला होता. कमानीखालून आतपर्यंत लाल जाजम अंथरलं होतं. धूळ उडू नये म्हणून माळी त्यावर पाइपने पाणी मारत होता.

तिने मीटरची एक सुई कमानीला टेकवली, दुसरी थोड्या अंतरावर ओल्या मातीत खुपसली. आकडा बघून तिने हात आपोआप मागे घेतला.

मॅनेजर अनिल तिला मंडपात सापडला. कानाला एक फोन, हातात दुसरा. त्याने तिचं बोलणं अर्धवट ऐकलं आणि इलेक्ट्रिशियन तुषारला हाक मारली. तुषारने कमानीला उलट्या हाताने हलकेच स्पर्श केला आणि खांदे उडवले.

"थोड़ा-बहुत तो आता है, मॅडम. नमी है."

"थोड़ा-बहुत नहीं है," तेजस्विनी म्हणाली. "नीचे केबल कटी हुई है. सिर्फ गेट की लाइन बंद कर दीजिए, बाकी सब चलने दीजिए."

"सिर्फ गेट?" अनिल हसला. "मॅडम, फोटो गेट पर ही होते हैं. लड़की वालों ने गेट देखकर ही तो बुकिंग की है. सुबह खुदवा के दिखवा दूँगा, पक्का."

"सुबह तक कोई मर गया तो?"

"शुभ दिन है, ऐसा मत बोलिए." त्याचं हसू मावळलं. "आप पोतनीस साहब के यहाँ से आई हैं ना? उनसे कहिए, रोज की शिकायत से हम भी परेशान हैं."

तिने वीज कार्यालयाला फोन लावला. यंत्राने तक्रार नोंदवून घेतली आणि आभार मानले. दुसऱ्यांदा लावला तेव्हा एका दमलेल्या माणसाने सांगितलं की लाईनमन दुसऱ्या बाजूला गेलेत, येतील. तिने पुन्हा अनिलला गाठलं, वधूच्या मामांना गाठलं. मामांनी तिला आधी कुणाची तरी पाहुणी समजून सरबत देऊ केलं. मग ती काय म्हणते आहे ते कळल्यावर दोन पोरांना खूण करून तिला फाटकापासून बाजूला न्यायला सांगितलं.

स्वयंपाकाच्या तंबूमागे पत्र्याच्या पेटीत मेन स्विच होता. तिने तो पाहून ठेवला होता. आत्ता जाऊन खाली ओढावा, असं दोनदा मनात आलं. पण परक्याच्या लग्नात काळोख करायचा, चार माणसं अंगावर धावून येणार, उद्या वेडी म्हणून पेपरात नाव येणार. ती फाटकाच्या बाहेर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला जाजमाच्या कडेने जायला सांगत राहिली. लोक बूट-सँडल घालून होते. त्यांना काही होत नव्हतं, म्हणून ते तिच्याकडे बघून हसत होते.

दिवेलागण झाली आणि वरात आली. पुढे बँड, मागे डीजेची गाडी, मध्ये नाचणारी गर्दी, आणि पांढऱ्या घोडीवर सेहरा बांधलेला नवरदेव. घोडी वयस्कर होती, वरातींना सरावलेली. कानाशी फटाके फुटले तरी मान हलवत नव्हती. घोडीवाला लगाम सैल धरून आपल्याच तंद्रीत चालला होता.

जाजमाच्या अलीकडे घोडी थांबली.

घोडीवाल्याने लगाम ओढला. तिने मान वर फेकली, नाकपुड्या फुगवल्या आणि एक पाऊल मागे गेली. लोक हसले. कुणीतरी ओरडलं, "घोड़ी भी शरमा रही है!" बँडवाल्यांनी गाणं आणखी चढवलं.

"आगे मत लाओ!" तेजस्विनी किंचाळली. "उतारो उनको, आगे मत लाओ!" ती गर्दीत घुसली. पण डीजेच्या दणक्यात तिचा आवाज तिलाच ऐकू येईना. एका काकांनी तिला नाचायला आलेली समजून हात वर करून जागा करून दिली. घोडीवाल्याने घोडीच्या मानेवर थोपटलं, काहीतरी समजावलं, मग मागून कुणीतरी तिला काठीने डिवचलं.

घोडीने लोखंडी नाल ठोकलेले पुढचे दोन्ही पाय ओल्या जाजमावर टाकले.

ती खिंकाळली नाही. तिचे पाय एकदम ताठ झाले, मग कुणीतरी खालून काढून घेतल्यासारखे गेले, आणि ती कुशीवर कोसळली. नवरदेव ताशेवाल्यांच्या अंगावर फेकला गेला. घोडीवाला लगामासकट ओढला जाऊन गुडघ्यांवर आला, त्याचं तोंड उघडं होतं आणि आवाज फुटत नव्हता. दोघंतिघं मदतीला धावले. त्यातला एक आधारासाठी कमानीच्या खांबाकडे हात नेत होता.

तेजस्विनी धावत सुटली. तंबूमागे कढईतलं तेल तडतडत होतं, आचारी तिच्याकडे बघत राहिले. तिने पत्र्याची पेटी उघडली, मेनची दांडी दोन्ही हातांनी धरली आणि खाली ओढली.

सगळं एकदम विझलं. मंडपातलं गाणं मधल्याच शब्दावर तुटलं, डीजेवाल्यानेही आवाज बंद केला. काळोखात एक बाई रडायला लागली.

ती फाटकाशी परतली तेव्हा लोकांनी मोबाईलचे दिवे लावले होते. कमानीकडे हात नेणारा माणूस आपला तळवा उलटसुलट करून बघत होता. नवरदेवाचा खांदा निखळला होता, पण तो शुद्धीवर होता. घोडीवाला घोडीचं डोकं मांडीवर घेऊन तिच्या कपाळावरची झालर सरळ करत होता. घोडी गेली होती.

गर्दीतून वाट काढत भय्यासाहेब आले. हातात टॉर्च होती, ती त्यांनी लावलीच नव्हती. ते घोडीपाशी येऊन थांबले.

"दिवा गेला, तेजू," ते म्हणाले. "खिडकीत सगळे टाळ्या वाजवत होते. इथे अंधार झाला, आणि त्याच क्षणाला तो गेला."

तिने त्यांचा दंड धरला.

दुसऱ्या दिवशी फाटकाशी खोदलं तेव्हा कमानीचा पाया घालताना कुदळीने सोललेली केबल निघाली. अनिलने सगळ्यांना सांगितलं की घोडी म्हातारी होती, फटाक्याला बिचकून गेली. बऱ्याच जणांनी ते मानलंही, कारण ते मानायला सोपं होतं. केबल बदलली. पुढच्या लग्नाला कमान पुन्हा लखलखली आणि भय्यासाहेबांच्या अंगणातला बल्ब काळाच राहिला. उषाकाकूंच्या पायातल्या मुंग्या थांबल्या. भय्यासाहेबांनी गज उपटून भंगारवाल्याला दिले, घोडीवाल्याच्या घरी जाऊन आले, आणि तिथे काय बोलणं झालं ते कुणालाच सांगितलं नाही.

त्यांनी आपला व्हिडिओ काढून टाकला. पण तोवर तो हजारो लोकांनी पाहिला होता, उतरवून घेतला होता, आपापल्या नावाने पुन्हा चढवला होता. त्यांचा फोन नंबर त्यातच होता. रोज फोन येत. बहुतेकांचं रडगाणं एकच, गज ठोकले पण दिवा काही लागत नाही. भय्यासाहेब त्यांना म्हणायचे, "नाही लागत ना? देवाचे आभार माना."

मग एका सकाळी तेजस्विनी त्यांच्याकडे बसलेली असताना तराणा या तालुक्याच्या गावाजवळच्या एका खेड्यातून फोन आला. भय्यासाहेबांनी स्पीकर लावला.

"सर, तराना के पास से बोल रहा हूँ. जल गया!" पलीकडचा माणूस आनंदाने ओरडत होता. "आपने जैसा बताया, वैसा ही किया. दो-दो बल्ब जल रहे हैं!"

भय्यासाहेबांचा चेहरा उतरला. "कहाँ गाड़ा है?"

"पहले घर पे गाड़ा, नहीं जला. फिर स्कूल के हैंडपंप के पास गाड़ा. वहाँ तो ऐसा जला कि पूछो मत. वहाँ पानी गिरता रहता है ना!"

"सुनो, ध्यान से सुनो. बच्चों को वहाँ से हटाओ. अभी. किसी को पानी मत भरने दो. मास्टरजी से कहो, बिजली वालों को बुलाएँ. वो जमीन की बिजली नहीं है, कहीं से लीक हो रही है."

पलीकडे त्याच्या मागे मुलांचा कलकलाट ऐकू येत होता, आणि हापसा चालल्याचा लोखंडी आवाज.

"वाह सर," माणूस म्हणाला. हुरूप ओसरला होता. "आपके यहाँ जले तो चमत्कार, हमारे यहाँ जले तो लीक?"

"भैया, मेरी बात—"

फोन कटला. भय्यासाहेबांनी पुन्हा लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही.

"गावाचं नाव काय सांगितलं त्याने?" ते उठत म्हणाले.

"नावच नाही सांगितलं," तेजस्विनी म्हणाली. तिने मीटर पिशवीत टाकलं होतं, गाडीची किल्ली हातात होती. "तराण्याला पोचू, मग विचारत जाऊ. शाळा आणि शाळेत हापसा."

"अशी गावं किती असतील?"

ती दाराकडे निघालीच होती. त्यांनी रबरी बूट चढवले, आणि ती गाडी गल्लीतून बाहेर काढत असताना ते शेजारी बसून तोच नंबर पुन्हा लावत होते.